भावाच्या अनावर रागासाठी उपचार कोणाकडे घ्यावेत?

माझा धाकटा भाऊ एरवी अतिशय मायाळू आहे. मात्र राग आला की त्याला स्वतःचे भान राहत नाही. गेल्या महिन्यात मुलाच्या गृहपाठावरून वाद झाला आणि त्याने दाराला बुक्की मारून हाताचे हाड मोडून घेतले. भावजय तेव्हापासून धास्तावलेली आहे. आता तो स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला आहे. आम्ही कल्याणला राहतो. औषधे देणाऱ्या डॉक्टरांकडे जावे की समुपदेशकाकडे?

प्रतिसाद १

ताई, तो स्वतः तयार आहे ही मोठी जमेची बाजू आहे, तेव्हा वेळ दवडू नका. प्रथम मनोविकारतज्ज्ञांना, म्हणजे औषधे देणाऱ्या डॉक्टरांना, दाखवा, कारण अशा भडक्यामागे नैराश्य, मद्यपान, अपुरी झोप किंवा डोक्याला पूर्वी झालेली इजाही असू शकते, आणि ते तपासल्याशिवाय केवळ बोलून उपचार करणे अपुरे ठरते. फ्लुऑक्सेटिनसारखी औषधे काही जणांना उपयोगी पडतात, परंतु तो निर्णय डॉक्टरांचाच.

त्याच्या जोडीने चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे, म्हणजे बोलण्यातून उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडे, नियमित सत्रे हवीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मला रागासाठी विशेष योग्य वाटते. 'मुलाने माझे ऐकलेच पाहिजे' हा हट्ट राग पेटवतो. 'त्याने ऐकावे अशी माझी इच्छा आहे, पण त्याने ऐकले नाही तर मी ते सहन करू शकतो' हा विचार रुजवण्याचा सराव तेथे करून घेतात. प्रत्येक प्रसंगाची लेखी नोंदही ठेवावी लागते: काय घडले, मनात कोणते वाक्य आले, शरीरात काय जाणवले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था तुम्हाला जवळ पडेल. उशी बडवून राग 'मोकळा' करण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका. त्याने राग ओसरत नाही, आक्रमकतेचीच सवय लागते.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे; मात्र उपचारांचा परिणाम दिसायला काही महिने लागतात, तोवर भावजयीची आणि मुलांची सुरक्षितता आधी पाहा. आवाज चढू लागताच भावाने घराबाहेर पडावे आणि शांत झाल्यावरच परतावे, असे तो शांत असतानाच ठरवून घ्या. त्या वेळी त्याची वाट कोणी अडवू नये. त्याने कोणावर हात उगारला, तर उपचार चालू आहेत म्हणून भावजयीने गप्प बसू नये. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे. सत्र मिळेपर्यंत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत, मराठीतूनही बोलता येते, आणि तेथे भावाने स्वतः फोन करावा.