सगळ्या आभाळाला एकच नियम का नको?

सातारचे_मास्तर: मुलगी वैमानिक होतेय. सुट्टीत घरी आली होती. एका रात्री पाऊस दाटून आला, हवेचा दाब उतरला आणि सकाळी तिच्या ट्रेकिंगच्या घड्याळात साताऱ्यातलं आमचं घर 20 मीटर वर चढलेलं! विमानातला अल्टिमीटरही असाच, दाबावरून उंची सांगणारा. दाब मोजायचं एकक हेक्टोपास्कल; एका हेक्टोपास्कलच्या फरकाला उंचीत साधारण 28 फुटांचा फरक. म्हणून खाली उडताना तिथला दाब, म्हणजे क्यूएनएच, लावायचा आणि ठरलेल्या उंचीच्या वर सगळ्यांनी 1013 हा एकच ठरावीक दाब. पण ही उंची अमेरिकेत 18,000 फूट, ब्रिटनमध्ये बऱ्याच भागात 3,000, काठमांडूला 13,500. हद्द ओलांडली की हिशेब बदलला. हे धोक्याचं आहे. जगभर एकच आकडा ठरवा.

कृष्णाकाठ_सांगली: सर, नाही पटलं. काठमांडूभोवती हिमालय आहे. डोंगरांमधून उतरणाऱ्या विमानाला तिथलाच दाब हवा, म्हणून तिथे आकडा मोठा. सपाट मुलखाला तो कशाला? आणि मे 2022 मधलं पॅरिस बघा. नियंत्रकाने 1001 ऐवजी 1011 सांगितलं, विमान अल्टिमीटर दाखवत होता त्यापेक्षा जवळपास 280 फूट खाली आलं. धावपट्टी दिसेना म्हणून वैमानिकांनी पुन्हा वर घेतलं, तेव्हा जमीन अवघी 6 फुटांवर होती. यात कुठली हद्द आडवी आली? विमानात लावलेला दाब रडारवर दिसायची सोय आहे, ती सगळीकडे सक्तीची करा.

कराडचा_पोरगा: चरखी दादरी, 1996. दोन विमानांची हवेत टक्कर, 349 माणसं गेली. कझाक वैमानिकांना मीटरची सवय होती. मास्तरांचं बरोबर आहे.

कृष्णाकाठ_सांगली: दादा, ते कझाक विमान ठरवून दिलेली 15,000 फुटांची उंची सोडून खाली आलं होतं. दाब लावण्यातली चूक नव्हती ती.

सातारचे_मास्तर: डोंगराचा मुद्दा मान्य, तिथे मी घाई केली. पण एककांचं काय? अमेरिकेत दाब पाऱ्याच्या इंचांत. इंचांची सवय असलेल्याने हेक्टोपास्कलमधलं 992 ऐकून 29.92 इंच लावलं, तर तो झाला 1013 हेक्टोपास्कल. म्हणजे विमान दिसतं त्यापेक्षा सुमारे 600 फूट खाली! सह्याद्रीत पावसाळी ढगात 600 फूट म्हणजे अख्खी डोंगराची सोंड.

कृष्णाकाठ_सांगली: म्हणूनच ब्रिटनमध्ये 1000 च्या खालचा दाब सांगताना 'हेक्टोपास्कल' हा शब्द उच्चारावाच लागतो.

सातारचे_मास्तर: आणि थकलेल्या माणसाने रात्री तीन वाजता तो शब्द नीट ऐकला नाही तर? माझी पोर उद्या त्या खुर्चीत बसणार आहे. एकक तरी एकच करा.

कृष्णाकाठ_सांगली: एककाला माझी ना नाही, सर. उंचीच्या आकड्याला आहे.