मदत हवी आहे: नॉटमचमध्ये नेमक्या एकाच पत्त्याचे मेल कसे शोधायचे?

नमस्कार. आमच्या बाई मागच्या महिन्यात गेल्या. त्यांच्या मुलीला बाईंचा आणि माझा पत्रव्यवहार हवा आहे. अकरा वर्षांचे मेल माझ्याकडे आहेत, नॉटमच या मेल शोधायच्या प्रोग्रॅममध्ये इंडेक्स केलेले. पण बाई एका संस्थेचंही काम बघायच्या. त्या कामाच्या पत्त्यावरून आलेल्या मेलांत इतरांच्या खासगी गोष्टी आहेत, त्या बाहेर जाता कामा नयेत.

मी असं शोधते (पत्ते बदलले आहेत):

नॉटमच सर्च फ्रॉम:सुमन@एक्झाम्पल.ऑर्ग

तरी ऑफिस.सुमन@एक्झाम्पल.ऑर्ग वरचे मेलही येतात. पत्ता अवतरणांत टाकून पाहिला, फरक नाही. डेटाबेस बिघडला असेल म्हणून रात्रभर लावून नवा बनवला, तरी तेच. बाईंनी पाठवलेले आणि त्यांना आलेले, दोन्ही मेल हवेत. कुणी सांगेल का?

प्रतिसाद १

बाईंबद्दल वाचून वाईट वाटलं. डेटाबेस ठीक आहे, त्याला हात लावू नका. नॉटमचच्या खाली झेपियन हे शोधाचं इंजिन आहे आणि ते पत्ता अख्खा साठवत नाही. टिंब, ॲट, आडवी रेघ आली की शब्द तोडतं. तुमच्या शोधाचा अर्थ होतो: 'सुमन', 'एक्झाम्पल', 'ऑर्ग' हे तीन शब्द लागोपाठ. 'ऑफिस.सुमन'वाल्या पत्त्यातही ते लागोपाठच आहेत. अवतरणं दिली तरी तोच वाक्यांश-शोध होतो. खात्री करायची तर कमांडच्या आधी नॉटमच_डीबग_क्वेरी=यस लावा, तुटलेले शब्द डोळ्यांनी दिसतील.

पाठवणाऱ्यासाठी रेगेक्स, म्हणजे अक्षरांचा नमुना, चालतो (झेपियन १.४ किंवा पुढचं हवं):

नॉटमच सर्च 'फ्रॉम:"/(^|<)सुमन@एक्झाम्पल[.]ऑर्ग(>|$)/"'

बाहेरची एकेरी अवतरणं शेलसाठी (जिथे कमांड टाइप करता), आतली दुहेरी नॉटमचसाठी. आतली विसरलात तर कंस क्वेरीचे समजले जातात. काही मेलांत पत्ता कोनी कंसाशिवाय नुसताच असतो, म्हणून (^|<).

आणखी एक. सर्च अख्खी साखळी (मेल आणि त्यावरची उत्तरं) दाखवतं. नावांच्या रांगेत उभ्या रेघेनंतरची माणसं जुळलेल्या मेलांची नसतात, ती साखळीतली बाकीची. मोजायचं असेल तर --आउटपुट=मेसेजेस वापरा.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार! पाठवलेल्यांचं जमलं. टू: ला तोच रेगेक्स दिला, तिथे मात्र काही जुळत नाही.

प्रतिसाद २

टू: ला रेगेक्सची सोय नाही. 'टू:सुमन@… अँड नॉट टू:ऑफिस.सुमन@…' असं करायचा मोह होईल, पण करू नका. एखादा मेल दोन्ही पत्त्यांवर गेला असेल तर तो गळेल आणि गळल्याचं कळणारही नाही.

आधी नुसत्या टू: ने जास्तीचे मेल गोळा करा, --आउटपुट=फाइल्स देऊन. टू: मध्येच सीसी आणि बीसीसी येतात. मग पायथन भाषेतल्या ईमेल.युटिल्समधल्या गेटॲड्रेसेस या फंक्शनने प्रत्येक फाइलच्या या तिन्ही हेडरमधले (मेलच्या वरच्या ओळींतले) पत्ते सुटे करा आणि पत्ता स्मॉल अक्षरांत करून तंतोतंत ताडून पाहा. दहा ओळींचं काम आहे. मात्र दोन्ही पत्ते असलेले मेल वेगळे काढा. ते द्यायचे की नाही, हे स्क्रिप्ट ठरवू शकत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

झालं. दोन्ही पत्त्यांचे नऊ मेल निघाले. एकेक उघडून वाचले. सात संस्थेच्या कामाचे होते, ते ठेवून दिले. उरलेल्या दोनांत बाईंनी माझ्या पहिल्या लेखातल्या चुका काढल्या होत्या, प्रत्येक चुकीपुढे ओळ क्रमांक लिहून. तेही आता मुलीला पाठवते आहे.