ख्रिस्ती धर्माने लोकशाहीला हात दिला की तिचा पाय ओढला?

दर्यावर्दी:
लोकशाहीचा विषय निघाला की आपण अथेन्सपासून सुरुवात करतो आणि तिथून थेट १७८९ च्या, क्रांतीच्या पॅरिसमध्ये उडी मारतो. मधली शतकं म्हणजे चर्चचा अंधार, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. मला ते पटत नाही. अथेन्सच्या सभेत बायका नव्हत्या, गुलाम नव्हते, बाहेरून येऊन राहिलेले नव्हते. गरिबातल्या गरिबालाही मत हवं, ही मागणी तिथली नाही.

मला ती भेटते ऑक्टोबर १६४७ मध्ये, लंडनजवळच्या पुटनीला. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स संसदेविरुद्धचं युद्ध हरून कैदेत होता. जिंकलेल्या सैन्याचे अधिकारी आणि साध्या शिपायांचे प्रतिनिधी सेंट मेरी चर्चमध्ये जमून पुढचं राज्य कसं असावं यावर वाद घालत होते. सेनापतींपैकी एक, क्रॉमवेल, अध्यक्षस्थानी होता. दुसऱ्या दिवशी आधी प्रार्थना झाली, मग मताधिकाराचा विषय निघाला. कर्नल रेन्सबरोने मांडलं ते असं: इंग्लंडमधल्या सर्वांत गरीब माणसालाही सर्वांत मोठ्या माणसासारखंच आपलं आयुष्य जगायचं आहे, म्हणून ज्या सत्तेखाली तो राहणार तिला आधी त्याची संमती हवी.

एवढं धैर्य कुठून आलं? या सैनिकांपैकी बरेच जण राजमान्य चर्चबाहेरच्या छोट्या मंडळ्यांमधले होते. तिथे पाळक वरून नेमला जात नसे, मंडळी त्याला निवडत. मोची आणि विणकरही उभे राहून प्रवचन करत. देवासमोर सगळे सारखे हे त्यांनी नुसतं ऐकलेलं नव्हतं, ते तसं वागत होते. संसदेचं दार बंद होतं तेव्हा त्यांनी मत द्यायला आणि दुसऱ्याचं ऐकून घ्यायला मंडळीत शिकून घेतलं. म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे, धर्माने हात दिला.

चौथा_खांब:
साफ असहमत. पुटनीची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितली. त्याच बैठकीत, तीच प्रार्थना करून, सेनाधिकारी आयर्टन म्हणाला की ज्याची देशात कायमची मालमत्ता आहे त्यालाच मत. आणि शेवटी चाललं आयर्टनचं. मे १६४९ मध्ये बर्फर्डच्या चर्चच्या आवारात तीन बंडखोर शिपायांना गोळ्या घातल्या गेल्या, तेही क्रॉमवेलच्या हुकमाने. क्रॉमवेलच्या श्रद्धेत काही खोट होती का? नव्हती.

बायबलमधून दोन्ही निघतं. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल सांगतो की प्रत्येकाने सत्तेच्या अधीन राहावं, कारण सत्ता देवाने नेमलेली आहे. युरोपातले राजे शतकानुशतकं याच ओळींवर बसून होते. इंग्लंडचा राजा पहिल्या जेम्सने १६१० मध्ये संसदेला ऐकवलं की राजांना खुद्द देवानेच देव म्हटलं आहे.

सर्वांत मोठ्या, म्हणजे कॅथलिक चर्चचं तर बोलायलाच नको. १८३२ मध्ये पोप सोळाव्या ग्रेगरीने विवेकाच्या आणि छपाईच्या स्वातंत्र्याचा निषेध केला. १८६४ मध्ये पोप नवव्या पायसने ८० 'चुकां'ची यादी काढली. तिच्यातली शेवटची चूक कोणती, तर पोपने प्रगती आणि उदारमतवादाशी जुळवून घ्यावं असं म्हणणं! पुढे इटलीतल्या कॅथलिकांनी राष्ट्रीय निवडणुकीत मत देऊ नये असा व्हॅटिकनचा आदेश होता. तो पूर्ण उठला १९१९ मध्ये. पाय ओढणं याहून वेगळं काय असतं?

वसईची_लेक:
मी कॅथलिक आहे, आणि १८६४ च्या यादीचा बचाव मी करणार नाही. तो होऊच शकत नाही. पण चर्च म्हणजे फक्त पोपचं पत्रक का? १९१९ मध्ये बंदी उठली त्याच वर्षी लुईजी स्तुर्झो नावाच्या सिसिलीच्या धर्मगुरूने इटलीत लोकपक्ष काढला, आणि मुसोलिनीला ठाम विरोध केला. १९६५ मध्ये जगभरच्या बिशपांच्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क मान्य केला. त्यानंतर काय झालं ते बघा. फेब्रुवारी १९८६ मध्ये मनिलात कार्डिनल सिन यांनी रेडिओवरून हाक दिली आणि माणसं हुकूमशहा मार्कोसच्या रणगाड्यांसमोर जाऊन उभी राहिली. कम्युनिस्ट राजवटीतल्या पोलंडमध्ये संपावरच्या कामगारांनी ग्दान्स्कच्या गोदीत मिस्सा, म्हणजे आमची सामूहिक उपासना केली. ती माणसं श्रद्धेच्या आधाराने उभी होती. त्यांच्याकडून ते हिरावून घेऊ नका, एवढंच मागणं आहे.

चौथा_खांब:
ताई, त्या माणसांबद्दल मला आदरच आहे. पण स्तुर्झोचं पुढचं सांगायला हवं. १९२४ मध्ये त्यांना देश सोडावा लागला, आणि त्यामागे व्हॅटिकनचाही दबाव होता. १९२९ मध्ये त्याच व्हॅटिकनने मुसोलिनीशी करार केला. मनिलाच्या दहाच वर्षं आधी अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा तिथले बहुतेक बिशप गप्प राहिले किंवा सत्तेच्या बाजूने गेले. धर्म तोच, पोथी तीच.

मडगांवकार:
आमच्या गोव्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार स्वतः सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत शिकलेला. लिस्बनचा कार्डिनल सेरेजैरा त्याचा तरुणपणापासूनचा मित्र. १९४० मध्ये सालाझारने व्हॅटिकनशी करार केला. त्याच्या राजवटीत गोंयकाराला साधी सभा घ्यायलाही परवानगी लागायची. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांना अटक झाली ती सभेत बोलले म्हणून. चर्चच्या आल्तारावरून 'सत्तेच्या अधीन राहा' हेच ऐकत आमच्या दोन पिढ्या वाढल्या. घरोघरी हे दुखणं आहे.

पण लोहिया उतरले होते ते असोळण्याच्या ज्युलियांव मिनेझिसांच्या घरी. गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्यांना तर पोर्तुगालला नेऊन पेनिशच्या किल्ल्यात डांबलं. दोघेही ख्रिस्ती घरातले. आणि खुद्द पोर्तुगालमध्ये १९५८ साली पोर्तु शहराच्या बिशपने सालाझारला पत्र लिहून गरिबांच्या हालांचा जाब विचारला, तर त्याला दहा वर्षं देशाबाहेर राहावं लागलं. आम्हाला कार्डिनल शिकवला गेला, हा बिशप नाही. याचा मला राग येतो.

कंदील:
दर्यावर्दी, तुमचा मंडळीतल्या मतदानाचा मुद्दा मला अपुरा वाटतो. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की बौद्ध भिक्षुसंघांना संसदीय कामकाजाचे नियम ठाऊक होते: ठराव, गणसंख्या, मतमोजणी, सगळं. म्हणजे हे ख्रिस्ती मंडळ्यांचं एकट्याचं वैशिष्ट्य नाही. आणि भारताची ती लोकशाही पुढे हरवली, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. नुसतं मतदान येऊन भागत नाही.

दुसरं, जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. मिशनऱ्यांचं ते ऋण खरं आहे. पण त्यांना पेटवलं ते इंग्रज लेखक टॉमस पेनच्या 'राइट्स ऑफ मॅन'ने, आणि पेन चर्चचा कडवा टीकाकार होता. शाळा ख्रिस्ती, ठिणगी चर्चविरोधी.

दर्यावर्दी:
पेनचे वडील क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. त्या काळी क्वेकरांच्या सभेत पगारी पाळक नसे, ज्याला आतून बोलावंसं वाटेल तो उठून बोले. आणि १७७६ च्या 'कॉमन सेन्स' या पुस्तिकेत राजेशाही पाडायला पेन काय वापरतो? बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा आठवा अध्याय! इस्राएल लोक राजा मागतात, आणि राजा तुमची मुलं, शेतं, जनावरं घेईल असं शमुवेल बजावतो. चर्चच्या टीकाकाराला हे दारूगोळ्याचं कोठार माहीत होतं, आणि वाचणाऱ्या शेतकऱ्यालाही.

संघाचा मुद्दा मात्र वजनदार आहे. मला फरक दिसतो तो असा: भिक्षू घर सोडून आलेला असे, पुटनीचा शिपाई युद्ध संपल्यावर घरी, मागावर परत जाणार होता. मंडळीत शिकलेलं तो गावात घेऊन जाई. शिवाय या मंडळ्यांना सरकार छळत होतं, म्हणून सत्तेला कुंपण घालणं ही त्यांची रोजची गरज होती. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीतून हाकललेल्या पाळक रॉजर विल्यम्सने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स हे गाव वसवलं ते याच अटीवर, की सरकारने कुणाच्या श्रद्धेत हात घालायचा नाही. चौथा_खांब, तुमची उदाहरणं मी नाकारत नाही. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक चर्च सत्तेच्या मांडीला मांडी लावून बसलेलं आहे.

कंदील:
मॅसॅच्युसेट्समधून विल्यम्सना हाकललं कुणी? पाळक निवडणाऱ्या मंडळ्यांनीच! इंग्लंडमध्ये छळ सोसून आलेली माणसं होती ती. आणि अमेरिकेतले बाप्टिस्ट पंथाचे लोक १८४५ मध्ये फुटले ते गुलामगिरीवरून. दक्षिणेतले बाप्टिस्ट सरकारी चर्च नव्हते, तेही आपले पाळक स्वतःच निवडत, आणि माणसं विकत घेत. तुमची सगळी लक्षणं तिथे हजर आहेत.

फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये काळ्या भाविकांना प्रार्थना चालू असताना गुडघ्यांवरून उठवलं, तेव्हा रिचर्ड ॲलन आणि त्यांचे साथीदार चर्च सोडून निघाले. १८१६ मध्ये त्यांनी आपलं वेगळं चर्च उभारलं. काळ्यांच्या अशाच चर्चमधून १९५५ मध्ये माँटगोमेरीत वंशभेदी बससेवेवरचा बहिष्कार चालवला गेला. श्रेय द्यायचंच असेल तर मी ॲलनना देईन. सेंट जॉर्जला देणार नाही.