पुण्यात किडे-कोळ्यांचे मॅक्रो फोटो: कुठली लेन्स, कुठली जागा?

रानजाई
नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॅनन 200डी कॅमेरा आहे, सोबत 18-55 आणि 55-250 मिमीच्या दोन लेन्स. आतापर्यंत पाषाण, कवडीपाट असं पक्ष्यांमागेच फिरणं झालं. गेल्या पावसाळ्यात वेताळ टेकडीवर लेकीने बाभळीच्या फांदीवरचा एक काटा दाखवला, आणि तो काटा चालायला लागला. तेव्हापासून आम्हा दोघींना पानांच्या पाठी बघायचा नाद लागलाय. पण अगदी जवळून घेतलेले मोठे, म्हणजे मॅक्रो, फोटो म्हणावे तसे येत नाहीत. किडा एवढासा दिसतो, आणि जवळ गेलं की फोकस सुटतो.

पंधरा हजारांच्या आत काय घ्यावं? कोथरूडहून सकाळी जाऊन दुपारच्या आत परतता येईल अशा जागा कुठल्या? लेक पाचवीत आहे, तिला सोबत नेताना काय सांभाळावं? आणि त्या चालणाऱ्या काट्याचं नाव कुणाला माहीत आहे का?

भिंगवाला
मॅक्रो लेन्सच्या मागे आत्ताच लागू नका. तुमच्या 55-250 ला रेनॉक्स डीसीआर-250 हे क्लिपने बसणारं भिंग लावा. 52 ते 67 मिमी फिल्टरच्या लेन्सवर ते बसतं, तुमची लेन्स 58 ची आहे. लेन्सचा फोकस अनंतावर ठेवा आणि फोकल लेंग्थला 125 ने भागा, इतका सोपा हिशोब आहे. 125 मिमीला किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटतो, 250 ला दुप्पट. दुपटीला चौकटीत जेमतेम 11 मिमी रुंदीची जागा मावते, त्यामुळे सुरुवात 100 ते 135 च्या दरम्यान करा. 55 कडे गेलात तर फोटोचे कोपरे काळे येतील. भिंग आणि किडा यांच्यातलं अंतर झूम कितीही केलं तरी साधारण बारा सेंटिमीटरच राहतं. म्हणून सावकाश, खालच्या बाजूने, आपली सावली किड्यावर न पाडता जायचं.

उरलेले पैसे साध्या मॅन्युअल फ्लॅशवर घाला. मॅक्रोत लेन्सपेक्षा उजेडाने जास्त फरक पडतो, हे माझं ठाम मत आहे. छिद्र एफ/11, उघडीप 1/200 सेकंद, आयएसओ 200 असं लावलंत की सावलीत नुसत्या उजेडात फोटो बराच काळा येईल, जवळजवळ सगळं चित्र फ्लॅशच काढेल. फ्लॅशचा लखलखाट इतका क्षणिक असतो की वाऱ्यावर हलणारं पानही त्यात थांबतं. मात्र उघडा फ्लॅश मारू नका. ढालकिड्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग उठतो आणि त्याखालचा हिरवा-निळा रंग जातो. अप्पा बळवंत चौकातून ट्रेसिंग पेपर आणा, चिप्सच्या गोल डब्याला आतून चांदीचा कागद असतोच, त्याच्या तोंडाला तो दुहेरी लावून फ्लॅशवर चढवा. उजेडाचं तोंड जितकं मोठं आणि किड्याच्या जितकं जवळ, तितका उजेड मऊ.

फोकस सुटतो म्हणालात ना, तर ऑटोफोकस बंदच करा. रिंग एका जागी ठेवून स्वतः किंचित पुढे-मागे झुलायचं आणि डोळा धारदार दिसला की बटण दाबायचं. डोळा स्पष्ट असला की बाकीचं पुसट चालतं.

सह्यवेडा
भिंगवाला यांच्याशी थोडा असहमत. रेनॉक्स उत्तम आहे, पण चतुर आणि फुलपाखरं बारा सेंटिमीटरपर्यंत येऊ देत नाहीत. त्यांच्यासाठी 55-250 नुसतीच वापरा, एक-दीड मीटरवरून. पुढे कधी बजेट वाढलं तर 90 किंवा 100 मिमीची मॅक्रो जुन्या बाजारात बघा.

जागा म्हणाल तर ताम्हिणी. जोराचा पाऊस ओसरला की रस्त्याकडेच्या ओल्या मातीवर फुलपाखरांचे थवे बसतात. त्यात बहुतेक नर असतात, मातीतले क्षार शोषायला येतात. त्या नादात ती बराच वेळ हलत नाहीत, आडवं पडून सुद्धा फोटो घेता येतो. शनिवार-रविवार मात्र टाळा, गाड्यांची रांग लागते.

पानोपानी
ताई, ताम्हिणी सुंदरच आहे, पण रोजच्या सरावाला घराजवळची टेकडी हवी. आणि मी तुम्हाला जागांच्या ऐवजी झाडं सांगते. कुठला किडा कुठल्या झाडावर जेवतो हे एकदा कळलं की हातात पत्ता आल्यासारखं होतं.

तुमचा चालणारा काटा म्हणजे ट्रीहॉपर. बाभळीच्या कोवळ्या फांद्यांवर ते रांगेने बसून रस शोषतात, आणि पाठीवरच्या शिंगांमुळे काट्यांत मिसळून जातात. त्यांच्या अंगातून गोड द्रव येतो आणि तो प्यायला मुंगळे राखणीला येतात. म्हणून बाभळीवर मुंगळ्यांची वर्दळ दिसली की फांदी नीट न्याहाळा. मुंगळा मिशांनी ट्रीहॉपरला हलकेच थोपटतो आणि थेंब बाहेर येतो, तो क्षण पकडायला थांबा. माझ्या मते पुण्यात याहून देखणा प्रसंग नाही.

त्याच मुंगळ्यांत एखादा जरा वेगळा चालताना दिसेल. पाय मोजा. आठ भरले तर तो मुंगीचं सोंग घेतलेला उड्या मारणारा कोळी. पुढचे दोन पाय तो मिशांसारखे वर धरून फिरतो.

मग रुई. तिच्यावर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा रंगीत नाकतोडा मिळतो, आणि प्लेन टायगर फुलपाखराची काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळीही. रुईचा चीक विषारी, ते विष अंगात साठवूनच हे दोघे असे भडक रंग मिरवत उघड्यावर बसतात. पावसाळ्यानंतर खुळखुळ्याचं झुडूप शोधा. त्याच्या वाळत चाललेल्या पाना-शेंगांवर टायगर आणि क्रो फुलपाखरांचे नर गोळा होतात, कारण मादीला ओढणारा गंध बनवायला लागणारी द्रव्यं त्यांना तिथे मिळतात. कण्हेरीच्या पानांखाली कॉमन क्रोचा कोष सापडला तर दिवस सार्थकी लागला असं समजा. आरशासारखा चकाकतो, आणि त्यात तुमचं स्वतःचं प्रतिबिंब येणार नाही असा कोन शोधावा लागतो.

लेकीसाठी गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी ठेवा. लाइम बटरफ्लाय येऊन अंडी घालेल. अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. कोणी डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तुम्ही डिवचू नका, मुंगी आली की ती आपणहून करते.

टेकडीवर गिरिपुष्पाची सलग लागवड असलेला पट्टा भराभर मागे टाका, तिथे फारसं काही मिळत नाही. बोरी-बाभळी, गवताळ माळ, रुईची झुडपं आणि जुन्या खाणीचं पाणी इथे थांबा. पाण्याकाठी चतुर आणि टाचण्या (चतुराचेच सडपातळ भाऊबंद) असतात. उजाडता उजाडता पोहोचा. गार हवेत किडे सुस्त असतात, पंखांवर दव असतं, ऊन चढलं की खेळ संपला.

ग्रामवैद्य
लेकीला नेणार आहात म्हणून लिहितो. बंद बूट आणि पूर्ण पँट हवीच. दगड हाताने उलटू नका. काठीने, स्वतःकडे कललेला राहील असा उचला, आणि फोटो झाला की होता तसा ठेवा, खाली कुणाचं तरी घर असतं. काळी मोठी इंगळी दिसायला भयंकर, पण जास्त धोका छोट्या लाल विंचवाचा. दंशानंतर खूप घाम, उलट्या, हातपाय गार पडणं असं काही दिसलं तर मंत्र-लेप करत न बसता थेट रुग्णालय गाठा, मुलांच्या बाबतीत तर लक्षणांची वाटही बघू नका. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा उपचार रुळवल्यापासून या दंशाने जाणारे असंख्य जीव वाचले आहेत, पण औषध वेळेत मिळायला हवं.

आणखी एक. केसाळ सुरवंट आणि आग्या मोहोळ, दोन्हींपासून लांब.

रानजाई
किती भरभरून लिहिलंत! ट्रीहॉपर हे नाव लेकीने वहीत उतरवून घेतलं. एक विचारायचं होतं. एका ग्रुपवर सल्ला मिळाला की किडा डबीत घालून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचा, मग तो हलत नाही. हे करतात का?

पानोपानी
करतात, आणि अजिबात करू नये. गारठलेला किडा पानावर ठेवला की त्याचे पाय चुकीचे पडतात, मिशा लोंबतात, जाणकाराला फोटो बघताच कळतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या जिवाला मरणाच्या दारात नेऊन आपण चित्र घेतो. पहाटेचा गारवा हेच काम फुकट करतो, तिथे आपण फक्त लवकर उठायचं असतं. अळी पान खाताना, कात टाकताना, फुलपाखरू कोषातून निघताना टिपलंत तर त्या फोटोत काही घडत असतं.

अंधारातला_वाटसरू
मध्येच विचारतो, काजव्यांचं काय? फ्लॅश चालेल?

सह्यवेडा
नाही. नर-मादी एकमेकांना उजेडानेच हाका मारतात, आपला फ्लॅश आणि टॉर्च त्यांचं बोलणं तोडतात. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत राजमाची, पुरुषवाडी, भंडारदरा. ट्रायपॉड, रुंद छिद्र, 20-30 सेकंदांची उघडीप. झाड उजळून निघालेले जे फोटो आपण बघतो, त्यांतले बरेचसे अनेक फ्रेम एकावर एक रचून केलेले असतात, एका क्षणात तेवढे काजवे दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका.

भिंगवाला
रात्रीचंच काही हवं असेल तर पतंग. टेकड्यांवर अंधारात थांबू नका, सोसायटीच्या गच्चीवर पांढरी चादर टांगा आणि तिच्यावर दिवा सोडा. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात राष्ट्रीय पतंग सप्ताह असतो, 2012 पासून जगभर लोक हेच करतात. दोन तासांनी दिवा मालवा, नाहीतर पहाटे चादरीवरचे सगळे पतंग पक्ष्यांच्या तोंडी जातात.

रानजाई
रेनॉक्स आणि फ्लॅश आजच मागवते. शेवटचं, ओळख कशी पटवायची?

पानोपानी
आयनॅचरलिस्ट या जीव ओळखून देणाऱ्या संकेतस्थळावर टाका, फुलपाखरांसाठी बटरफ्लाइज ऑफ इंडिया संकेतस्थळ आहेच. पाठीचा, बाजूचा आणि चेहऱ्याचा असे तीन कोन घ्या, शिवाय तो ज्या झाडावर होता त्याच्या पानाचा एक साधा फोटो. त्या पानावरूनच अर्ध्या ओळखी पटतात. आणि मृगाचा पाऊस पडला की दोन-चार दिवसांत लेकीला मातीवर मृगाचा किडा शोधायला सांगा. लाल मखमलीचा असतो. तिला त्याचे पाय मोजू द्या, मग पुढचा प्रश्न तीच विचारेल.