फ्लॅप सर्जरीनंतर टाक्यांवर पांढरट थर दिसतोय, ब्रश कधी सुरू करायचा?

फळा_खडू:
नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात माझ्या खालच्या उजव्या दाढांपाशी फ्लॅप सर्जरी झाली. हिरडी उघडून मुळांवरचं कीटण काढलं, टाके घातले आणि जखम झाकायला वर गुलाबी पॅक, म्हणजे लांबीसारखा लेप, बसवला. काल जेवताना पॅकचा मागचा तुकडा निघून हातात आला. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

आरशात पाहिलं तर शेवटच्या दाढेजवळ काळ्या दोऱ्याची गाठ दिसते आणि तिच्याभोवती पांढरट-पिवळट थर. रक्त नाही, ठणकाही आता बराच कमी आहे. हा पू तर नाही ना? शिवाय पॅक निघाला तिथली दाढ आधीपेक्षा लांब दिसते आणि जिभेने ढकलली तर किंचित हलते असं वाटतं. दाढ वाचावी म्हणून तर हे सगळं केलं!

दवाखान्यातून दिलेल्या कागदावर 'ऑपरेशनच्या जागी ब्रश लावू नये' एवढंच आहे. कधीपर्यंत, ते लिहिलेलं नाही. मी शाळेत शिकवते, सलग तास असतात. बोलण्याने टाक्यांना त्रास होतो का? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

रानवाट:
काळजी करू नका, होईल बरं. बाहेरून गालाला गरम पाण्याच्या पिशवीने शेक द्या आणि मिठाच्या पाण्याने दिवसभर जोरजोरात चुळा भरा. थर आपोआप निघून जाईल.

मुळापासून:
फळा_खडू ताई, मी हिरड्यांच्या शस्त्रक्रिया करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचं तोंड मी पाहिलेलं नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका. पॅक निघाल्याचं त्यांना आजच फोन करून कळवा. शस्त्रक्रियेला काही दिवस उलटले असतील आणि दुखत नसेल तर बऱ्याचदा पॅक पुन्हा लावत नाहीत. मात्र उरलेल्या तुकड्याची कड टोचत असेल तर तो काढून घ्यावा लागतो. पॅक जखम भरत नाही, तिचं फक्त रक्षण करतो.

रानवाट, तुम्ही आपुलकीने लिहिलंय, पण जोरात चुळा भरायच्या नाहीत. पहिल्या दिवशी तर अजिबात नाही, कारण जखमेत धरलेली रक्ताची गुठळी तिथेच राहायला हवी. थुंकणं, स्ट्रॉने ओढून पिणं हेही त्याच कारणाने टाळायचं. गालाला शेक द्यायचा तर पहिल्या 24 तासांत थंड, तोही थांबून थांबून. नंतर कोमट मिठाचं पाणी चालतं, फक्त ते तोंडात घेऊन मान हळू कलवायची आणि सोडून द्यायचं.

आता पांढरा थर. तुम्ही वर्णन करताय त्यावरून तो पू वाटत नाही. हातापायाच्या जखमेवर कोरडी खपली धरते, पण तोंडात सतत लाळ असल्याने ती तशी धरत नाही. तिथे फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाचा, मऊ, पांढरट थर बसतो आणि त्याच्या आश्रयाने काठाकडून नव्या पेशी सरकत येतात. म्हणून तो बोटाने, कापसाने, जिभेने काढायचा नाही. गाल ओढून सारखं पाहायचंही नाही, प्रत्येक वेळी टाक्यांवर ताण येतो. पू असेल तर लक्षणं वेगळी असतात. सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते. उतरलेली सूज पुन्हा चढली, ठणका वाढत गेला, घाण वास किंवा चव येऊ लागली, ताप आला, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. रक्त आलं तर ओलं स्वच्छ गॉज घडी करून त्या जागेवर 20 मिनिटं दाबून धरायचं, मध्ये उचलून बघायचं नाही. तरीही थांबलं नाही तर लगेच डॉक्टर.

मला जास्त काळजी तुमच्या ब्रशच्या प्रश्नाची वाटते. 'ब्रश लावू नये' हे त्या एवढ्याशा जागेपुरतं आणि थोड्या दिवसांपुरतं असतं. भीतीपोटी माणसं अख्खं तोंडच सोडून देतात आणि टाके काढायला येतात तेव्हा दाताच्या मानेशी प्लाकची, म्हणजे जंतूंच्या चिकट थराची, जाड साय बसलेली असते. त्याखालची हिरडी लाल, फुगलेली, हात लावताच रक्त येणारी. शस्त्रक्रिया चांगली झालेली असते, तरी भरणं मागे पडतं.

बाकीच्या दातांना पहिल्या दिवसापासून नेहमीसारखा ब्रश करायचा. ऑपरेशनच्या जागी तोवर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश काम करतो, 0.12 किंवा 0.2 टक्क्यांचा, बहुधा दिवसातून दोनदा, सांगितला असेल तितकेच दिवस. टूथपेस्ट आणि तो यांच्यात अर्धा तास तरी जाऊ द्या, कारण पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकामुळे त्याचा जोर कमी होतो. दातांवर तपकिरी डाग पडतील, जेवणाची चव बिघडेल. डाग पॉलिशिंगने निघतात आणि माउथवॉश बंद केला की चव परत येते.

टाके साधारण 7 ते 14 दिवसांत निघतात. त्यानंतर डॉक्टरांना विचारून त्या जागीही ब्रश सुरू होतो. अगदी मऊ केसांचा नवा ब्रश घ्या, कोमट पाण्यात धरून आणखी मऊ करा. मूठ आवळून नको, खडू धरता तसा बोटांच्या टोकांत धरा. आधी दाढेचा चावायचा भाग, दोन-तीन दिवसांनी बाजू, आणि फिरवायचा हिरडीकडून दाताकडे. आडवं घासणं बंद.

मी यावर इतकी अडून बसते त्याला कारण आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या निमन, रोसलिंग आणि लिंडे यांनी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं आणि 1975 साली निष्कर्ष छापले. ज्यांचे दात दर दोन आठवड्यांनी दवाखान्यात साफ केले जात होते त्यांच्या हिरड्या नीट राहिल्या. ज्यांची सफाई सहा महिन्यांनी होत होती त्यांच्यात आजार पुढे सरकत राहिला. माझ्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला मी हे सांगते.

दाढ लांब दिसण्याबद्दल. सूज गेली आणि पॉकेट, म्हणजे हिरडी आणि दात यांच्यातली खोल फट, बंद झालं की हिरडी खाली बसते, मुळाचा वरचा भाग उघडा पडतो. शस्त्रक्रिया फसल्याचं हे लक्षण नाही. मुळावर एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, नसतं, त्यामुळे गार लागलं की सणक जाते. पोटॅशियम नायट्रेट किंवा फ्लोराइड असलेली पेस्ट मदत करते आणि हळूहळू त्रास कमी होतो. हलणंही सुरुवातीला थोडं वाढतं, मग बहुधा स्थिरावतं. जिभेने ढकलून पाहू नका! वरची कातडी एक-दोन आठवड्यांत जुळते, पण खालचे तंतू मुळाला धरायला कित्येक आठवडे लागतात, हाडाला महिने. आम्हीसुद्धा सुरुवातीचे कित्येक आठवडे तिथे फटीची खोली मोजायची सळई घालत नाही.

बोलायला हरकत नाही. पहिले दोन-तीन दिवस कमी बोलायचं असतं, ते तुमचे गेले. मोठ्याने ओरडणं मात्र टाका निघेपर्यंत टाळा.

साखरसांभाळ:
डॉक्टरांनी सगळं लिहिलंच आहे, मधुमेहींसाठी थोडी भर घालतो. माझी हिरडी खाली गेली होती म्हणून तोंडातल्या टाळूच्या कातडीचा तुकडा काढून तिथे लावला. माझ्या डॉक्टरांनी आधी HbA1c (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) पाहिला आणि साखर आटोक्यात येईपर्यंत तारीखच दिली नाही. तेव्हा चिडलो होतो, आता त्यांचे आभार मानतो. साखर चढलेली असेल तर जखम हळू भरते आणि जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. तोंड दुखतं म्हणून खाणं कमी होतं, पण गोळी किंवा इन्सुलिन नेहमीइतकंच घेतलं जातं आणि साखर एकदम उतरते. मला संध्याकाळी दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच फिजिशियनला विचारून डोस ठरवून घ्या, आणि मऊ, कोमट अन्न थोडं थोडं पण वेळेवर खा.

दुखण्याचं म्हणाल तर लावलेल्या जागेपेक्षा टाळूच जास्त दुखला. तिथे प्लास्टिकची पातळ प्लेट दिली होती, ती घातली की जीभ लागत नसे आणि बरं वाटायचं. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ सिगारेट सोडायला तयार नव्हते. त्यांना डॉक्टर अगदी काकुळतीने समजावत होते की निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, मग हिरडीला पोसणार कोण?

मुळापासून:
साखरसांभाळ काका, डोसबद्दल लिहिलंत ते फार महत्त्वाचं. त्यालाच जोडून, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. दंतवैद्य आणि ती देणारे डॉक्टर यांना आपसात ठरवू द्या.

फळा_खडू:
सगळ्यांचे मनापासून आभार. फोन केला, त्यांनी लगेच बोलावून उरलेला पॅक काढला. थर पाहून तेही म्हणाले, भरतंय, हात लावू नका. आज टाके निघाले. थराखालची हिरडी लालसर, चकचकीत, अगदी नाजूक दिसतेय. सकाळी ब्रश करताना हात थरथरत होता, पण रक्त आलं नाही. दोन दाढांमध्ये आता फट दिसते, तिथे अन्न अडकतं. फ्लॉस, म्हणजे फटी साफ करायचा दोरा, वापरू का?

मुळापासून:
ऐकून खरंच बरं वाटलं. चकचकीत लाल म्हणजे नवी पातळ कातडी, ती काही आठवड्यांत जाड होते आणि रंग फिका होत जातो. फ्लॉस इतक्यात नको, खाली ओढला गेला तर कोवळा जोड उचकटतो. सध्या जेवणानंतर कोमट पाण्याने हलकेच चूळ. पुढच्या भेटीत इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश, कधी घालायचा ते विचारा आणि त्याचं माप त्यांच्याकडूनच घ्या. प्रत्येक फटीचं माप वेगळं असू शकतं. घट्ट बसणारा ब्रश रेटून घालायचा नाही आणि ढिला असेल तर त्याने काही साफ होत नाही. तो कसा फिरवायचा ते तिथेच आरशासमोर त्यांना करून दाखवा. आणि सुरुवातीला दर तीन महिन्यांनी सफाईला जावं लागेल, ती तारीख आजच लिहून घ्या.