फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह आलंय, बाबांची गोळी थांबवायची का?

वैशाली_नंदनवन
नमस्कार. बाबा ६१ वर्षांचे आहेत. वजन उतरत होतं, डाव्या बरगडीखाली जड लागायचं. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी १ लाख ८० हजार. पुढच्या रिपोर्टवर 'बीसीआर-एबीएल, फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह' लिहून आलं. डॉक्टर म्हणाले सीएमएल आहे, म्हणजे एक प्रकारचा ब्लड कॅन्सर, इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची गोळी रोज एक. घरात कोणाचा विश्वासच बसून नाही राहिला. मोठे काका म्हणतात, ब्लड कॅन्सर गोळीनं आटोक्यात येत असता तर लोक मुंबईला कायले गेले असते? ते गोळी बंद करून वैद्याकडे न्या म्हणतात. मला रात्री झोप नाही.

संजय_प्रतापनगर
दुसरं मत घ्यायचं असेल तर आपल्या नागपुरातच मानेवाडा रोडला तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. फाइल घेऊन जा. गोळी चालू ठेवूनच जा.

मॅडम_महाल
वैशाली, मलाही सीएमएल आहे. २०१४ पासून हीच गोळी घेते. त्यानंतरही शाळेत विज्ञान शिकवलं आणि वेळेवर निवृत्त झाले.

काकांची शंका रास्त आहे. बहुतेक ब्लड कॅन्सरमध्ये एका गोळीनं भागत नाही, कारण पेशीत बिघाड अनेक असतात. सीएमएलमध्ये मुळाशी एकच बिघाड असतो. १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक खुजं गुणसूत्र दिसलं, त्यावरून हे नाव. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट रौली यांनी दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे बदललेत. गुणसूत्रांचे फोटो कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर त्या जुळवत बसायच्या. मी हे वर्गात नेहमी सांगायची.

त्या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं. अडकलेल्या बटणासारखं ते चालूच राहतं आणि पेशींना वाढा, वाढा सांगत सुटतं. त्याला काम करायला एटीपी, म्हणजे पेशीतलं इंधन लागतं. इमॅटिनिब नेमकं एटीपीच्या जागेवर जाऊन बसतं, मग ते बटण बंद पडतं.

ही गोळी रुग्णापर्यंत आणायला ब्रायन ड्रकर या डॉक्टरांनी जी चिकाटी दाखवली, तिच्यामुळे मी जिवंत आहे असं मी मानते. रसायन स्वित्झर्लंडच्या कंपनीत निकोलस लायडन यांच्या गटाचं. ड्रकरनी ते सीएमएलच्या पेशींवर घालून पाहिलं. रोगी पेशी मेल्या, निरोगी बहुतांशी तशाच राहिल्या. कंपनीला हुरूप नव्हता, रुग्ण थोडे म्हणून. तरी १९९८ मध्ये चाचणी सुरू झाली. ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस मिळालेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांचं रक्त पूर्वपदावर आलं, आणि हे सगळे आधीच्या उपचाराची, म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं लागू न पडलेले! पुढे औषध पुरेसं बनेना, तेव्हा १९९९ मध्ये रुग्णांनीच सह्या गोळा करून कंपनीला अर्ज पाठवला. २००१ च्या मे महिन्यात अमेरिकेत मंजुरी मिळाली. मोठ्या चाचणीत इमॅटिनिबवर सुरुवात केलेल्यांपैकी दहा वर्षांनी सुमारे ८३ टक्के हयात होते. काकांना हा आकडा वाचून दाखव.

आपल्याकडे ब्रँडची गोळी महिन्याला लाखाच्या वर पडायची, भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत. पेटंटचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १ एप्रिल २०१३ ला निकाल त्या स्विस कंपनीच्या विरोधात लागला. म्हणून ती आपल्यासारख्यांच्या आवाक्यात राहिली.

आता कामाचं. गोळी जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर. डोळ्यांखाली सूज, पोटऱ्यांत गोळे येऊ शकतात. डॉक्टरांना सांगायचं, आपण होऊन थांबवायचं नाही. बरं वाटलं तरी तीन महिन्यांनी पीसीआर, म्हणजे रक्तात बीसीआर-एबीएल किती उरलं ते मोजणारी तपासणी, करायचीच. तेव्हा आकडा १० टक्क्यांच्या आत हवा, वर्षभरात ०.१ टक्क्याच्या आत. नाही उतरला तर डासाटिनिब, निलोटिनिब या दुसऱ्या गोळ्या आहेत. गुळवेल, काढे, काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचार.

वैशाली_नंदनवन
मॅडम, तुमचं उत्तर काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले पीसीआरला मी घेऊन जातो. एक विचारू? बाबांना संत्र्यांशिवाय करमत नाही. चालतील का?

मॅडम_महाल
मला डॉक्टरांनी संत्री खाऊ दिली, ग्रेपफ्रूट आणि पपनस मात्र बंद. त्यांनी गोळीचं रक्तातलं प्रमाण बदलतं. तरी बाबांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घे. आणि पीसीआर दर वेळी त्याच लॅबमध्ये करा, म्हणजे आकडे ताडून बघता येतात.