मदत हवी आहे: पिकअपवरचा उघडमिटीचा कॅम्पर, फायबर की अ‍ॅल्युमिनियम?

मुलुंडकर७: पिकअपच्या हौद्यावर बसणारा, मुक्कामाला छत वर उचलायचा कॅम्पर (झोपायची छोटी खोली) घ्यायचाय. कडक भिंतींचा उंच नको, सोसायटीच्या स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या पार्किंगमध्ये) शिरणार नाही. एक जण फायबरचा बनवून देतो म्हणतो, दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा. दोघांनाही याच आठवड्यात अ‍ॅडव्हान्स हवाय. कुठला घेऊ?

घाटवाटा: गाडी कुठली? झोपणार किती जण?

बाबू_ठाणे: बोलेरो कॅम्पर घ्या. आमच्या साइटवर आहे, मेंटेनन्स नाही.

घाटवाटा: बाबूशेठ, ते गाडीचं नाव झालं. यांना झोपायची सोय हवीय.

मुलुंडकर७: हायलक्स. मी, बायको, मुलगी. आता सांगा ना, कुठला?

नाना_गॅरेज: आधी आरसी काढा. एकूण वजनातून रिकामं वजन वजा करा. जे उरेल त्यात कॅम्पर, तुम्ही तिघं, बॅटरी, पाणी सगळं बसलं पाहिजे. ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो. कॅम्परचं काट्यावरचं वजन लेखी मिळाल्याशिवाय एक रुपया देऊ नका. शिवाय डबल केबिनचा हौदा जेमतेम दीड मीटर, मोठ्यांचा बिछाना केबिनच्या टपावर जाणार. मुलगी कुठे झोपणार, ते विचारलंत?

सूर्यकिरण: छतावर सोलार लावाच. फ्रिज, पंखा आरामात चालतो.

नाना_गॅरेज: आणि ते छत रोज कोण उचलणार? छताला वर ढकलणारे गॅस भरलेले दांडे ठराविक वजनासाठीच असतात. पॅनल सुटं ठेवा, जमिनीवर मांडा.

वकीलसाहेब_दादर: मोटार वाहन कायदा, कलम ५२ वाचा. सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकालही आहे. मूळ बनावटीत बदल चालत नाही.

घाटवाटा: वकीलसाहेब, क्लॅम्प सोडून उतरवता येतो तो बदल कसा? ते सामान झालं.

वकीलसाहेब_दादर: हे आरटीओत आणि विमा कंपनीला पटवून दाखवा. मुलुंडकर, दोन्हीकडे लेखी विचारा.

मुलुंडकर७: विचारतो. पण फायबर की अ‍ॅल्युमिनियम?

कोकणकन्या_२: आमच्याकडे असाच आहे. भिंतींपेक्षा, छत वर केल्यावर बाजूंनी उघडतं ते कापड बघा. रात्री श्वासाच्या वाफेनेच ते आतून ओलं होतं, थंडीतही खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते. जुलैत भिजलेलं कापड मिटून आणलंत तर बुरशी धरणारच, दुसऱ्या दिवशी उघडून वाळवावंच लागतं. तुमच्या स्टिल्टमध्ये छत वर करायला जागा आहे का?

मुलुंडकर७: नाही. गाडी आत जाईल एवढंच मोजलं होतं.

कोकणकन्या_२: मग वाळवायची मोकळी जागा आधी शोधा, दादा. अ‍ॅडव्हान्स नंतर.